जोते, लिंटेल आणि राज्यपाल

सरकारी पैशाने उभे राहणारे घर दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात सरकार आपल्या नोकराला कर्ज देते आणि त्याला 'घरबांधणी अग्रिम' म्हणते. दुसऱ्या प्रकारात सरकार गरिबाला अनुदान देते आणि त्याला 'घरकुल' म्हणते. अग्रिम घेणारा अर्जदार असतो, घरकुल घेणारा लाभार्थी. अर्जदाराने पैसे परत करायचे असतात, लाभार्थ्याने फोटो काढून घ्यायचे असतात. वीट, वाळू आणि सिमेंट दोन्ही प्रकारांत लागते, पण ते बरेच नंतर. आधी कागदाचे घर बांधावे लागते आणि ते पडत नाही अशी वरिष्ठांची खात्री पटली, की मगच मातीला हात लावता येतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर आणि आंबेगाव या शेजारी तालुक्यांत, हे दोन्ही प्रकार भरपूर आढळतात.

दुसऱ्याच्या निवाऱ्याचा खर्च उचलण्याची या भागाला फार जुनी सवय आहे. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी अशा जुन्नरभोवतीच्या डोंगरांतली लेणी मोजू लागले तर आकडा दोनशेच्या घरात जातो. राहणारे भिक्खू आणि खर्च करणारे दाते, अशी ती योजना होती. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख येथे आहे. सात खोल्या आणि पाण्याची स्वतंत्र सोय, तीही डोंगराच्या पोटात, म्हणजे बांधकाम पक्के की कच्चे हा प्रश्नच मिटला. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप आणि टाके दिल्याची नोंद आहे. अयम हा सरळसरळ सरकारी नोकर, आणि चांगल्या हुद्द्याचा. त्याच्या लेखात मालकाचे नाव, स्वतःचे गोत्र, हुद्दा, बांधकामाचा तपशील आणि वर्ष एवढे सगळे मोजक्या शब्दांत उरकले आहे. रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची पडली हे मात्र त्याने कोरलेले नाही, आणि दोन हजार वर्षांत कोणी विचारलेलेही नाही. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेण्यांकडे पैसे गुंतवल्याचा लेखही जुन्नरलाच आहे. पगारदारांच्या पतसंस्थांना आपले घराणे शोधायचे असेल, तर त्यांनी तिथपर्यंत जायला हरकत नाही.

अयमानंतरच्या सरकारी नोकराला इतके मोकळे रान मिळाले नाही. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याचा घरबांधणी अग्रिम 'मुंबई वित्तीय नियम, १९५९' मधील नियम १३४ खाली येतो. मुंबई राज्य १९६० साली गेले, नियम मात्र त्याच नावाने राहिला. अर्ज करणाऱ्याने सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, अंदाजपत्रक आणि वकिलाचा शोध अहवाल जोडायचा असतो. शोध अहवाल तीस वर्षांचा लागतो. ज्या जागेवर अजून कुंपणाची तारही नाही, त्या जागेच्या तीस वर्षांच्या चारित्र्याचा हा दाखला. खुद्द अर्जदाराच्या लग्नाच्या वेळी त्याच्याविषयी एवढी चौकशी झालेली नसते. फाईल पूर्ण झाली की ती अनुदानाची वाट पाहते. अनुदान बहुधा मार्चमध्ये दिसते, त्यामुळे उन्हाळ्याचा पहिला चटका आणि लेखा शाखेची पहिली हालचाल या दोन गोष्टी तहसील कचेरीत एकाच सुमारास जाणवतात.

या अग्रिमाचा सर्वांत भारदस्त भाग म्हणजे गहाणखत. राज्याच्या कर्मचाऱ्याचे घर महाराष्ट्राच्या राज्यपालांकडे गहाण पडते आणि केंद्राच्या कर्मचाऱ्याचे भारताच्या राष्ट्रपतींकडे. घोडेगावच्या तहसील कचेरीतील अव्वल कारकून आणि जवळच्याच टपाल कार्यालयातील सहायक यांनी शेजारी शेजारी घरे बांधली, तर एका भिंतीवर मलबार हिलचा हक्क असतो आणि दुसरीवर रायसीना टेकडीचा. मधली भिंत सामाईक असल्यास प्रसंग घटनात्मक होऊ शकतो. सावकारी पाशाच्या कथा ऐकत वाढलेल्या ग्रामीण कुटुंबाला हा धनको फार सोज्ज्वळ वाटतो. तो दारात येत नाही, बैल सोडून नेत नाही, फक्त दरमहा पगारपत्रकात एका रकान्यात उमटतो.

परतफेडीची रीतही जगावेगळी आहे. बँक पहिल्या दिवसापासून व्याज कापते आणि मुद्दलाला मुंगीच्या पायाने चालवते. सरकार आधी मुद्दल घेते, मग व्याज. केंद्राच्या नियमांत मुद्दल जास्तीत जास्त १८० हप्त्यांत आणि त्यानंतर व्याज ६० हप्त्यांत फेडायचे असते. पंधरा वर्षे आणि वर पाच, म्हणजे अग्रिम घेताना पोटात असलेले मूल व्याजाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत पदवीच्या वर्षाला पोचलेले असते. सोळाव्या वर्षी, घर आता फिटले अशा समजुतीत पेढे वाटणाऱ्या कर्मचाऱ्याला, आतापर्यंत बाजूला साठत गेलेले व्याज आता सुरू होत असल्याचे कळते. पेढे परत घेण्याची तरतूद नियमात नाही. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार मूळ वेतनाच्या ३४ पट किंवा २५ लाख रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. 'यांतले जे कमी असेल ते' हा शब्दसमूह सरकारी अर्थकारणाचा कणा आहे. 'यांतले जे जास्त असेल ते' असा पर्याय शोधायचा झाला तर बहुधा वसुलीच्या प्रकरणात सापडतो.

अग्रिमातून बांधलेल्या घराचा आग, पूर आणि वीज पडणे यांपासून विमा उतरवावा लागतो. जुन्नरच्या उसात राहणाऱ्या आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रामुळे देशभर नाव झालेल्या बिबट्याचा या यादीत उल्लेख नाही. नियम करणाऱ्यांची ही चूक म्हणता येत नाही. बिबट्या घराचे काहीच नुकसान करत नाही, तो फक्त संध्याकाळी सातनंतर घराबाहेरचा संडास निरुपयोगी करतो.

घर कोठे बांधावे, या प्रश्नात खरी गंमत आहे. ग्रामीण भागातील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेवक यांनी मुख्यालयी राहावे असा आग्रह असतो. २०१९ च्या शासन निर्णयाने तर घरभाडे भत्त्यासाठी, संबंधित कर्मचारी गावातच राहतो असा ग्रामसभेचा ठराव मागितला. आहुप्याच्या किंवा हातविजेच्या शाळेवरचा गुरुजी मुलांच्या शिक्षणासाठी मंचरला किंवा नारायणगावला बिऱ्हाड करतो, आणि ग्रामसभा त्याला ठरावाने गावातच राहवते. ठराव एकमताने होतो, कारण विरोधात बोलणाऱ्याचा मुलगा चौथीत असतो. पुढे हेच गुरुजी अग्रिमासाठी नारायणगावच्या प्लॉटचा नकाशा जोडतात. एका फाईलमध्ये ते डोंगरात राहतात, दुसरीत महामार्गाच्या कडेला राहणार असतात, आणि दोन्ही फायली एकाच कपाटात वेगवेगळ्या कप्प्यांत सुखाने नांदतात. त्यांना दोष देणेही अवघड आहे. ज्याच्यावरून तालुक्याला नाव पडले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. थोडक्यात, आंबेगाव तालुका स्वतःच मुख्यालयी राहत नाही.

प्लॉटचे शास्त्र स्वतंत्र आहे. पुणे–नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना जमीन गुंठ्यांत बोलते. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेताचे फार लहान तुकडे विकू देत नाही, म्हणून दहाबारा अनोळखी माणसे मिळून एक मोठा तुकडा घेतात आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे एकाखाली एक चढतात. लग्नाच्या ग्रुप फोटोसारखा हा सातबारा दिसतो. सगळे उभे आहेत, पण नवरदेव कोणता ते ओळखू येत नाही. अशा सातबाऱ्यावर राज्यपालांना काय गहाण द्यायचे, या प्रश्नाशी कर्मचाऱ्याचा अर्ज थांबतो. मग तो पगारदारांच्या पतसंस्थेकडे वळतो. तेथे जमीन गहाण लागत नाही, जामीनदार लागतात. एका शाळेतले चार शिक्षक एकमेकांना जामीन राहिले की त्यांच्यातले मतभेद आपोआप मिटतात. कोणाची बदली झाली तर निरोप समारंभात उरलेल्या तिघांचे डोळे खरोखर भरून येतात.

सरकारी नोकर नसलेल्या पण अगदी गरीबही नसलेल्या माणसासाठी मधला मार्ग म्हणून व्याज अनुदान आले. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजसवलत होती. तिची रक्कम जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार होई. या सवलतीची मुदत ३१ मार्च २०२२ ला संपली. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या आठ लाखांवर चार टक्के सवलत, पाच वर्षांत मिळून १ लाख ८० हजारांपर्यंत, असा हिशेब आहे. जुन्नर हे नगरपरिषदेचे गाव असल्यामुळे शहरात मोडते आणि त्याच्या वेशीबाहेरचा मळा ग्रामीण ठरतो. बाकी या मार्गात सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण सवलत थेट कर्जखात्यात जमा होते. ज्या पैशाचे दर्शनही होत नाही, त्याच्याविषयी चावडीवर बोलणार तरी काय?

घरकुलाचे तसे नाही. त्याच्याविषयी गावात दुसरे काही बोललेच जात नाही. इंदिरा आवास योजना १९८५ साली निघाली. १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. राज्याच्या योजना वेगळ्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण यांच्या नावाची मुक्त वसाहत, आणि २०२३ पासून इतर मागास वर्गासाठी मोदी आवास. छप्पर गळते ते सगळ्यांचे सारखेच, पण कोणाच्या छपरातून कोणत्या योजनेचे पाणी गळते हे जातीच्या दाखल्यावरून ठरते. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या असल्यामुळे शबरीसाठी घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाची पायरी चढावी लागते. कातकऱ्यांसाठी नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम-जनमन योजना आली, तिच्यात घराला दोन लाख मिळतात.

घरकुलाची सुरुवात पायाने होत नाही, यादीने होते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून निघालेली ती 'ब' यादी आणि २०१८ च्या आवास प्लस सर्वेक्षणातून निघालेली ती 'ड' यादी. पश्चिम पट्ट्यातल्या ज्या म्हातारीने कधी शाळेचे तोंड पाहिले नाही, तिलाही मुळाक्षरांतली ही दोन अक्षरे पक्की ओळखता येतात. "माझं ड मधे हाय, पर नंबर लांब हाय," असे ती एखाद्या अनुभवी वकिलासारखे सांगते. साक्षरता अभियानाला जे साधले नाही ते दोन याद्यांनी करून दाखवले.

यादीतून गाळण्यासाठी जे निकष होते, त्यांत गरिबीचे एक नेटके चित्र सापडते. मोटारसायकल असेल तर बाद. फ्रीज असेल तर बाद. घरात लँडलाईन फोन असेल तर बाद. खिशातल्या मोबाईलला मात्र हरकत नव्हती, त्यामुळे भिंतीला वायर नसणे हे दारिद्र्याचे लक्षण ठरले. अडीच एकर बागायत आणि पाण्याचे यंत्र असेल तर बाद. आणि मोटर लावलेली मासेमारीची होडी असेल तरी बाद. समुद्रापासून सह्याद्रीने तोडलेल्या तालुक्याला हा निकष गंमतीचा वाटेल, पण डिंभ्याच्या जलाशयात आदिवासी मासेमारी करतात. ज्या पाण्यात गाव बुडाले त्याच पाण्यावर पोट भरायचे, तर वल्हे हातानेच मारायचे. होडीला मोटर बसली की माणूस श्रीमंत. २०२४ साली दुचाकी, फ्रीज, लँडलाईन आणि होडी हे चारही निकष वगळण्यात आले आणि महिन्याच्या कमाईची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजारांवर गेली. त्याआधीच्या आठ वर्षांत सर्वेक्षणाच्या दिवशी किती मोटारसायकली मेहुण्याच्या गोठ्यात मुक्कामाला गेल्या, याची नोंद कोणत्याही पोर्टलवर नाही.

कुटुंबात कोणी सरकारी नोकर असेल तरीही घरकुल नाही. हा निकष अजून शाबूत आहे आणि त्याने अनेक एकत्र कुटुंबे कागदोपत्री दुभंगली आहेत. धाकटा भाऊ पंचायत समितीत शिपाई लागतो त्याच महिन्यात थोरल्याचे रेशनकार्ड वेगळे होते. चूल एक, कार्डे तीन, आणि तपासणीला माणूस आला की एकाच तव्यावरच्या भाकरी तीन कुटुंबांत विभागल्या जातात. सून हुशार असली तर तव्याच्या कडेने सरळ सांगते, "ही आमची, ती भाऊजींची."

नाव यादीत आणि नंबर जवळ आला, तरी जागा हवी. सरकार घर देते, जागा देत नाही. कातकरी वस्ती बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या बांधावर किंवा गायरानाच्या कडेला असते, म्हणून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागाखरेदीची योजना निघाली. तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पन्नास हजारांपर्यंत मदत होती, ती पुढे एक लाखापर्यंत वाढवली. पन्नास हजारांना पाचशे फूट म्हणजे फुटाला शंभर रुपये. या भावाने महामार्गालगतचा गुंठा मागितला, तर एजंट काही बोलत नाही, फक्त चहा एकच सांगतो, तोही स्वतःसाठी.

रकमेचा हिशेब तुकड्यातुकड्यांचा आहे. मूळ अनुदान १ लाख २० हजार. लाभार्थी स्वतःच्याच घरावर ९० दिवस रोजगार हमीचा मजूर म्हणून लागतो, त्याची मजुरी २०२५–२६ च्या ३१२ रुपये दराने २८ हजार ८०. शौचालयाचे १२ हजार. २०२५ मध्ये राज्याने ५० हजारांची भर घातली, पण त्यातले १५ हजार छपरावरच्या सौर पॅनेलसाठी. एकूण दोन लाख दहा हजारांच्या आसपास. घर किमान २६९ चौरस फुटांचे हवे. भागाकार केला तर फुटाला सुमारे ७८० रुपये पडतात. हा आकडा ऐकून गवंडी आधी विडी पेटवतो आणि मग 'तुमचं आपलं घरचंच काम' असे म्हणून मजुरीचा विषय पुढे ढकलतो. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत आहे. ती नदीपासून घरापर्यंत आणण्याचे भाडे लाभार्थ्याने द्यायचे. वाळू फुकट आहे हे ट्रॅक्टरवाल्यालाही माहीत असल्यामुळे तो भाडे मोकळ्या मनाने सांगतो.

मराठी माणसाला २६९ फुटांत समाधान मानता येत नाही, ही योजनेची खरी अडचण. एकदाच घर होणार, तर मुलाच्या लग्नाचा विचार करून पाया चारशे फुटांचा घेतला जातो. पहिला हप्ता त्या पायातच जिरतो आणि जोत्यावर घर थांबते. मग त्या जोत्यावर हिरडा वाळत पडतो, भात झोडला जातो, पाहुणे आले की अंथरूण पडते. दोन पावसाळे गेले की त्याला जोते न म्हणता ओटा म्हणू लागतात.

हप्ते फोटोवर सुटतात. जुन्या घरासमोर एक, पाया झाल्यावर एक, लिंटेलला एक, छत पडल्यावर एक. प्रत्येक फोटोत लाभार्थी हवा आणि फोटोला अक्षांश-रेखांश हवेत. घर वाढताना दिसते आणि माणूस हळूहळू म्हातारा होताना दिसतो. जुन्या घराच्या फोटोत हसायचे नसते, असा समज सर्वत्र आहे. सासू त्यासाठी ठेवणीतले फाटके लुगडे नेसते. छताच्या फोटोत मात्र हसायला परवानगी आहे, पण तोवर ती सवय मोडलेली असते. घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर होते, म्हणून 'घरधनीण' या जुन्या शब्दाला आता पोर्टलवर पुरावा आहे. घरधनी फोटोत थोडा मागे, विटांच्या ढिगाजवळ उभा असतो.

फोटो काढणे सोपे, पाठवणे कठीण. जुन्नर तालुक्यात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या आकाशगंगांतला क्षीण रेडिओ संदेश टिपतात. तिथून पश्चिमेला काही तासांच्या एसटी प्रवासावर, घाटमाथ्यावरच्या वाडीत लिंटेलचा फोटो ॲपमध्ये फिरत राहतो आणि चढत नाही. फोटो घेणारा माणूस मोबाईल उंच धरून टेकाडावर चढतो, आणि गावातली पोरे 'दांडी आली, दांडी आली' म्हणत मागे धावतात. दुसऱ्या हप्त्याचे भवितव्य त्या दोन दांड्यांवर अवलंबून असते.

हा फोटो घेणारा म्हणजे बहुधा ग्रामीण गृहनिर्माण अभियंता. दोन्ही प्रकारच्या घरांचा अभ्यास करताना तो शेवटी विचारात घ्यावा लागतो, कारण तो कोणत्याच प्रकारात बसत नाही. तो कंत्राटी असतो, त्यामुळे नियम १३४ त्याला ओळखत नाही. राज्यपाल त्याचे काही गहाण घेऊ शकत नाहीत. त्याच वेळी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेला हा माणूस डोंगरावरच्या लाभार्थ्यांच्या रांगेतही उभा राहू शकत नाही. वर्षाला शेकडो जोती आणि लिंटेल तो ॲपमध्ये चढवतो आणि संध्याकाळी मंचरला किंवा घोडेगावला आपल्या खोलीवर परततो. सरकारी पैशाने उभ्या राहणाऱ्या घरांच्या वर्गीकरणात या खोलीला स्थान नाही. तिला अग्रिम नाही, अनुदान नाही, अक्षांश-रेखांश नाहीत, आणि तिचे डिपॉझिट वीस हजार आहे. परवा तिचे छप्पर गळू लागले तेव्हा घरमालकाने पुरावा म्हणून फोटो मागितला.